हिरवा दिवा पुरेसा नाही

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारामध्ये लीव्हाइज हे अमेरिकी फुटबॉलचं स्टेडियम आहे आणि तिथे बहुतेक प्रेक्षकांच्या डोक्यावर छत नाही. २०१४ मध्ये हे मैदान उघडलं तेव्हा वाय-फाय बसवणाऱ्यांची अडचण इथूनच सुरू झाली. कार्यालयात, कॉलेजात, विमानतळावर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारी यंत्रं, छताला लावतात. इथे ६८,५०० आसनं उघड्या आभाळाखाली, आणि टचडाउन झाला की हजारो फोन एकाच क्षणी बाहेर निघणार. मग ॲक्सेस पॉइंट थेट खुर्च्यांखाली, बंद डब्यांत बसवले गेले. सगळे मिळून सुमारे १,२००. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. एरवी ही डोकेदुखी असते, पण इथे तिचाच उपयोग झाला. एका डब्याच्या लहरी प्रेक्षकांच्या अंगांमुळे फार लांब जात नाहीत, त्यामुळे काही ओळी पलीकडच्या डब्याला त्यांचा त्रास होत नाही. ७ फेब्रुवारी २०१६ रोजी इथे पन्नासावा सुपर बोल झाला, तेव्हा एका दिवसात या वाय-फायवरून १०.१ टेराबाइट माहितीची ये-जा झाली.

खुर्चीखाली विजेचा प्लग नसतो. मग त्या डब्याला वीज मिळते कुठून? ज्या केबलमधून इंटरनेट येतं, त्याच केबलमधून. आणि तो डबा बिघडला हे कळतं कसं? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर साधं नाही. पूर्ण बंद पडलेला ॲक्सेस पॉइंट लगेच सापडतो, कारण नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तो लाल होतो. खरा त्रास देतो तो चालू असलेला. त्याचा दिवा हिरवा असतो, फोनवर वाय-फायची खूण दिसते, पण त्याला वीज पुरेशी मिळत नसते किंवा त्याचं कुलूप उघडं असतं. वीज आणि सुरक्षा या दोन्हींचे दोष असे गुपचूप राहतात, आणि एकाचा दोष पुष्कळदा दुसऱ्याचं रूप घेऊन समोर येतो. म्हणून या दोन गोष्टींची तपासणी एकत्रच समजून घ्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आधी वीज. नेटवर्कच्या केबलमधून वीज देण्याच्या पद्धतीला या क्षेत्रात सगळे पीओई म्हणतात. तिचं पहिलं प्रमाणित रूप २००३ मध्ये आलं. त्यात स्विचच्या, म्हणजे या केबल जिथून निघतात त्या पेटीच्या, एका पोर्टमधून जास्तीत जास्त १५.४ वॉट वीज निघते, पण पलीकडच्या यंत्राला हमी मिळते ती १२.९५ वॉटचीच. मधला फरक केबलमध्ये उष्णता होऊन जाऊ शकतो, हे गृहीत धरलेलं आहे. २००९ च्या सुधारित प्रमाणात हे आकडे ३० आणि २५.५ वॉट झाले. २०१८ मध्ये केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या वापरून ६० आणि ९० वॉटपर्यंत मजल गेली.

या पद्धतीतला सगळ्यात शहाणपणाचा भाग म्हणजे स्विच आंधळेपणाने वीज सोडत नाही. आधी तो दहा व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाब देऊन पाहतो. पलीकडच्या यंत्रात सुमारे २५ किलोओहमचा ठरावीक रोध आहे का, हे तो तपासतो. रोध सापडला तरच पुढे जातो, नाही तर वीज देत नाही. म्हणूनच त्याच केबलला चुकून लॅपटॉप जोडला तरी तो जळत नाही. मग स्विच यंत्राचा वर्ग विचारतो, म्हणजे त्याला साधारण किती वीज लागेल ते, आणि त्यानंतरच ४८ व्होल्टच्या आसपासचा पूर्ण दाब देतो. बाजारात केबलमध्ये वीज घालणारे स्वस्त इंजेक्टर मिळतात, त्यांतल्या काहींमध्ये ही विचारपूस नसते. २४ किंवा ४८ व्होल्ट थेट सोडले जातात. २४ व्होल्टच्या इंजेक्टरवर प्रमाणित यंत्र सुरूच होत नाही, आणि २४ व्होल्टच्या यंत्राला थेट ४८ दिले तर ते कायमचं जातं. दोन्ही इंजेक्टर दिसायला सारखे, पिनही तीच. त्यामुळे डब्यावरचे बारीक आकडे वाचल्याशिवाय केबल लावू नये.

आता नेहमीचा बिघाड. एखादं कार्यालय किंवा कॉलेज जुने ॲक्सेस पॉइंट काढून नवे बसवतं. स्विच जुनेच राहतात. जुन्या यंत्रांचं १२.९५ वॉटमध्ये भागत होतं. नव्यांना तीन-तीन रेडिओ, जास्त अँटेना, वेगवान पोर्ट, म्हणून २५ वॉट किंवा त्याहूनही जास्त हवे असतात. १२.९५ वॉटवर नवं यंत्र बहुधा बंद पडत नाही, ते काटकसर करतं. काही अँटेना बंद ठेवतं, प्रक्षेपणाची ताकद कमी करतं, यूएसबी पोर्ट बंद करतं, काही यंत्रं एक पूर्ण रेडिओच झोपवतात. दिवा लागलेला असतो, नाव दिसत असतं. लोक मात्र म्हणत राहतात की नव्या यंत्रांपेक्षा जुनी बरी होती. मग तक्रार कंपनीकडे जाते, सॉफ्टवेअर बदललं जातं, चॅनल बदलले जातात. खरं कारण स्विचच्या एका ओळीत लिहिलेलं असतं, या पोर्टला किती वॉट मंजूर झाले आणि यंत्राने किती मागितले होते. ही ओळ सगळ्यात आधी वाचायला हवी.

दुसरा बिघाड हिशेबाचा. २४ पोर्टच्या स्विचवर ‘३७० वॉट’ लिहिलेलं असतं. १५.४ ला २४ ने गुणलं तर ३६९.६ येतात, म्हणजे जुन्या प्रमाणाने सगळे पोर्ट तृप्त. पण प्रत्येकाने ३० वॉट मागितले तर फक्त १२ पोर्टांना पुरतात. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं हे आहे, नळ सगळ्यांच्या घरी आहेत, पण टाकी एकच आहे. तेराव्या ॲक्सेस पॉइंटला वीज मिळत नाही, किंवा तो मिळवतो आणि कमी प्राधान्याच्या दुसऱ्या कुणाची तरी जाते. मोठ्या स्विचमध्ये विजेचे दोन पुरवठे असतात आणि त्यातला एक मेला तर एकूण साठा निम्म्यावर येऊ शकतो. अशा वेळी एका मजल्यावरचे चार-पाच ॲक्सेस पॉइंट एकदम जातात, बाकीचे चालू राहतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की केबल कुणीतरी कापली.

केबलबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण भारतात यावर फसवणूक खूप होते. ठरलेली मर्यादा १०० मीटरची आहे आणि ती पूर्ण तांब्याच्या तारेसाठी आहे. स्वस्त केबलमध्ये आत ॲल्युमिनियमची तार असते, वरून तांब्याचा पातळ मुलामा. ॲल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या जवळपास. म्हणजे तेवढ्याच जाडीच्या तारेत रोध दीडपटीहून अधिक, उष्णता जास्त, आणि टोकाला पोचणारा दाब कमी. इंटरनेटचा वेग तपासला तर अशी केबल कधीकधी उत्तीर्णही होते. ती नापास होते ती भार वाढल्यावर. दुपारी सगळं ठीक, संध्याकाळी माणसं जमली, रेडिओ जोरात काम करू लागले, विजेची मागणी वाढली, टोकाचा दाब कोसळला आणि ॲक्सेस पॉइंट स्वतःहून पुन्हा सुरू झाला. सकाळी तंत्रज्ञ येतो तेव्हा सगळं छान चाललेलं असतं. केबलच्या तारेचं टोक ब्लेडने हलकेच खरवडून पाहा. आतून चंदेरी निघाली तर त्या केबलवर ॲक्सेस पॉइंट चालवू नका.

वीज आणि सुरक्षेची पहिली गाठ इथेच पडते. नेमकी किती वीज हवी हे यंत्र स्विचला एलएलडीपी नावाच्या छोट्या संदेशांतून सांगतं. या संदेशांत यंत्राचं नाव, मॉडेल अशी माहितीही असते, म्हणून सुरक्षेची काळजी घेणारे लोक पुष्कळदा स्विचवर ते बंद करून टाकतात. हेतू चांगला असतो. पण त्यानंतर अनेक मॉडेलांना आपली मागणी सांगताच येत नाही, आणि ती किमान विजेवर राहतात. सुरक्षा विभागाने बदल मंगळवारी केला, वेगाची तक्रार गुरुवारी आली, आणि दोन विभाग एकमेकांशी बोलत नसतील तर हे कोडं महिनोन्‌महिने सुटत नाही.

दुसरी गाठ घड्याळाची. पुष्कळशा ॲक्सेस पॉइंटमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. लाइट गेली आणि परत आली की यंत्र उठतं ते एखादी जुनीच तारीख घेऊन, आणि मग नेटवर्कवरून खरी वेळ विचारून घेतं. वेळ सांगणारा सर्व्हर अजून उठलेला नसेल, किंवा फायरवॉलने तो रस्ता अडवलेला असेल, तर गडबड होते. आजची सुरक्षा डिजिटल प्रमाणपत्रांवर चालते आणि प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. यंत्राच्या मते अजून ती तारीख उजाडलेलीच नाही, म्हणून ते प्रमाणपत्र नाकारतं आणि सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या नियंत्रकाशी बोलत नाही. तक्रार अशी येते की ‘लाइट गेल्यापासून ॲक्सेस पॉइंट बंद आहे’. लोक अडॅप्टर बदलतात, पोर्ट बदलतात. विजेत काहीच दोष नसतो.

याचं उलट रूपही आहे आणि त्याचं ठळक उदाहरण सांता क्लाराच्या शेजारच्या सॅन होजेतलं आहे. सिस्को कंपनीच्या अनेक ॲक्सेस पॉइंटमध्ये कारखान्यातच घातलेल्या प्रमाणपत्राची मुदत १० वर्षांची होती. दहा वर्षं पुरी झाली की धडधाकट यंत्र नियंत्रकाशी जोडलं जाईना. जोडलेलं होतं तोपर्यंत चालत राही आणि एकदा पुन्हा सुरू केलं की बाहेरच राही. म्हणजे लक्षण दिसलं वीज गेल्यावर, कारण मात्र मुदतीचं. कंपनीने त्यावर सूचना काढली आणि मुदतीची तपासणी शिथिल करण्याचा उपायही दिला. जुनी यंत्रं सांभाळणाऱ्यांनी ही शक्यता डोक्यात ठेवायला हवी.

मग वीज की सुरक्षा, हे ओळखायचं कसं? एक आकडा फार मदत करतो. त्याला अपटाइम म्हणतात, म्हणजे यंत्र किती वेळापासून सलग चालू आहे तो काळ. लोकांचं वाय-फाय दर तासाला तुटतंय आणि यंत्र म्हणतंय की मी चाळीस दिवस सलग जागा आहे, तर विजेला दोष देऊ नका. यंत्र म्हणतंय की मी वीस मिनिटांपूर्वी उठलो, तर पासवर्डच्या मागे लागू नका. चाळीस दिवस जागं असूनही लोक तुटत असतील तर एक शक्यता हल्ल्याची असते. जुन्या वाय-फायमध्ये ‘आता तू बाहेर हो’ हा ॲक्सेस पॉइंटचा फोनला दिला जाणारा हुकूम सहीशिवाय जातो. जवळ बसलेला कुणीही तो खोटा बनवून पाठवू शकतो आणि फोन निमूट बाहेर पडतो. यावरचं संरक्षण २००९ मध्ये प्रमाणित झालं, डब्ल्यूपीए३ या वाय-फायच्या नव्या सुरक्षा पद्धतीत ते सक्तीचं आहे. तरीही कित्येक ठिकाणी ते अजून बंदच असतं.

अपटाइम पाहण्याआधी यंत्र बंद-चालू करू नये, हे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. बंद-चालू केलं की बहुतेक वेळा काम भागतं, म्हणून तो आपला पहिला उपाय झालेला आहे. पण अनेक यंत्रांच्या नोंदी तात्पुरत्या स्मृतीत असतात आणि त्याच क्षणी त्या पुसल्या जातात. का तुटलं, कधी तुटलं, किती वॉट मिळत होते, कोण आत होतं, सगळं जातं. आधी नोंदी उतरवून घ्याव्यात. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीच केबल दुसऱ्या पोर्टला, तोच पोर्ट दुसऱ्या केबलला, तीच केबल दुसऱ्या यंत्राला. तिन्ही एकदम बदलले तर वाय-फाय सुरू होईल, पण दोष कशात होता ते कधीच कळणार नाही आणि तो सदोष भाग कपाटातून पुन्हा दुसऱ्या कुणाच्या छतावर जाईल.

वाय-फायच्या सुरक्षेचा इतिहास सांता क्लाराच्या परिसराशी घट्ट बांधलेला आहे. वाय-फायचं पहिलं कुलूप, वेप, १९९७ च्या मूळ प्रमाणाबरोबर आलं. त्यात प्रत्येक संदेशासाठी २४ बिटांचा एक बदलता आकडा वापरला जाई. २४ बिटांत १,६७,७७,२१६ आकडे मावतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ च्या सुमारास हिशेब मांडला की ११ मेगाबिटच्या गर्दीच्या ॲक्सेस पॉइंटवर हे सगळे आकडे सुमारे ५ तासांत संपतात आणि मग पुनरावृत्ती सुरू होते. त्याच वर्षी फ्लूहरर, मांटिन आणि शमीर यांनी त्यामागच्या सांकेतिक पद्धतीतलाच कच्चेपणा दाखवला. कुलूप तुटल्याचं जगजाहीर झालं होतं आणि नेमक्या त्याच काळात वाय-फाय घरोघरी निघालं होतं. स्टॅनफर्डच्या टेरेसा मेंग आणि जॉन हेनेसी यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली अथेरॉस कंपनी, जी पुढे सांता क्लारातून चालली, वाय-फायच्या चिप बनवत होती. सांता क्लाराच्याच इंटेलने मार्च २००३ मध्ये सेंट्रिनो आणलं आणि लॅपटॉपमध्ये वाय-फाय असणं नेहमीचं झालं. वेपच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ हे नवं कुलूप आलं, पण वेपवर चालणारी यंत्रं कित्येक वर्षं भिंतींवर राहिली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. ती उत्तम चालत होती.

त्यानंतरचे घावही सांगण्यासारखे आहेत. वाय-फाय जोडणं सोपं व्हावं म्हणून डब्ल्यूपीएस आलं, आठ आकड्यांचा पिन टाका की झालं. २०११ च्या डिसेंबरमध्ये श्टेफान फीबॉक यांनी दाखवलं की यंत्र हा पिन दोन तुकड्यांत तपासतं आणि पहिला तुकडा बरोबर आहे की नाही हे वेगळं सांगतं. शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरूनच ठरतो. म्हणजे पहिल्या चारांसाठी १०,०००, पुढच्या तिनांसाठी १,०००, एकूण ११,००० प्रयत्न पुरे. काही तासांचं काम. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, शेजारची ही खिडकी उघडी असेल तर तो निरुपयोगी आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठाच्या माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ मधली क्रॅक ही त्रुटी जाहीर केली. त्यात पासवर्ड फुटत नाही, पण आधीच वापरलेली किल्ली यंत्राला पुन्हा बसवायला लावता येते. उपाय होता सॉफ्टवेअर बदलण्याचा, आणि तो ज्यांनी केला नाही त्यांचा हिरवा दिवाही तसाच लागलेला राहिला.

१ नोव्हेंबर २०१८ ची घटना मात्र थेट सांता क्लाराशी जोडलेली. आर्मिस या पालो आल्टोच्या कंपनीने ब्लीडिंगबिट या नावाने दोन त्रुटी जाहीर केल्या. नव्या ॲक्सेस पॉइंटमध्ये ब्लूटूथची एक छोटी चिप असते, या त्रुटी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या तशा चिपशी निगडित होत्या. एक सिस्को आणि मेराकीच्या यंत्रांना लागू होती. दुसरी अरुबाच्या ३०० मालिकेला. अरुबा म्हणजे लीव्हाइज स्टेडियमचं वाय-फाय उभारणारी कंपनी, कीर्ती मेलकोटे आणि पंकज मांगलिक यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, २०१५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने घेतलेली. २०१८ मध्ये तिचं मुख्यालय सांता क्लारात होतं. अरुबाच्या यंत्रांतल्या चिपमध्ये हवेतून नवं सॉफ्टवेअर भरण्याची सोय होती. तिला पासवर्ड होता, पण त्या मालिकेतल्या सगळ्या यंत्रांना एकच. एका यंत्राचा पासवर्ड कुणी शोधून काढला की दुसऱ्या कुठल्याही यंत्राजवळ जाऊन, तिथली ब्लूटूथ चिप चालू असेल तर, तिच्यात आपलं सॉफ्टवेअर घालता आलं असतं. कंपन्यांनी दुरुस्त्या दिल्या. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, वाय-फायचं कुलूप भक्कम होतं आणि दार दुसरीकडेच होतं. वापरात नसलेली सोय बंद ठेवणं हे म्हणूनच सुरक्षेतलं पहिलं काम आहे.

सांता क्लाराने सार्वजनिक वाय-फायचाही एक वेगळा प्रयोग केला. या शहराची वीज शहराच्या स्वतःच्या मालकीची आहे, १८९६ पासून, आणि आज तो विभाग सिलिकॉन व्हॅली पॉवर नावाने ओळखला जातो. रस्त्यावरच्या खांबांवर वाय-फाय देणाऱ्या मेट्रोफाय या खाजगी कंपनीचा धंदा २००८ मध्ये बसला तेव्हा तिचं शहरातलं जाळं या वीज विभागानेच घेतलं. पुढे २०१३ मध्ये घराघरांतले विजेचे स्मार्ट मीटर वाचण्यासाठी जे बिनतारी जाळं उभं राहिलं, त्याच्यावरच शहराने नागरिकांना उघड्यावर वापरता येणारं मोफत वाय-फाय दिलं. मीटरची माहिती वेगळ्या, सांकेतिक मार्गाने जाते आणि मोफत वाय-फायवर बसलेला माणूस तिथे पोचू शकत नाही, अशी रचना त्यासाठी केलेली असते. खांब एक, वीज एक, पेटी एक, आणि आत दोन वेगळे रस्ते. आपल्या घरातही हेच करायचं असतं. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं, कॅमेरे आणि स्मार्ट टीव्हीसाठी वेगळं, आणि बँकेचं काम ज्यावर होतं ते वेगळं. आजच्या बहुतेक राउटरवर ही सोय असते.

आणि वाय-फाय उघडंच ठेवलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने २००८ मध्ये पाहिलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तो नवी मुंबईतल्या सानपाड्यातल्या एका घराच्या इंटरनेटवरून आल्याचं निघालं. तिथे राहणारा एक अमेरिकी नागरिक संशयाच्या फेऱ्यात सापडला. त्याच्या वाय-फायचा वापर दुसऱ्यांनीच केला होता, हे नंतर स्पष्ट झालं. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून दुसरा ईमेल गेला, आणि १३ सप्टेंबरच्या दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून तिसरा. तिन्ही ठिकाणी वाय-फाय मालकांसाठी व्यवस्थित चालत होतं. त्यांना काही कळण्याचं कारणच नव्हतं. त्यानंतर मुंबई पोलीस उघडी जाळी शोधत रस्त्यांवरून फिरले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या.

इथे ‘पॉवर’ या शब्दाचा विजेखेरीज आणखी एक अर्थ कामी येतो, प्रक्षेपणाची ताकद. ती नेहमी कमाल ठेवावी असं पुष्कळांना वाटतं. त्यामुळे फोनवर रेघा पूर्ण दिसतात, पण फोनचा स्वतःचा रेडिओ दुबळाच असतो. त्याला ॲक्सेस पॉइंट ऐकू येतो, ॲक्सेस पॉइंटला तो ऐकू येत नाही. शिवाय घरातलं जाळं जिन्यात, रस्त्यावर, समोरच्या इमारतीत सांडतं. ३ डेसिबल कमी केले की ताकद निम्मी होते. दोन खोल्यांच्या घरात एक-दोन पायऱ्या खाली उतरून पाहिलं तर बहुधा काहीच बिघडत नाही, आणि बाहेर सांडणारं बरंच आवरतं.

सांता क्लारा ज्यात येतं त्या बे एरियातल्या मराठी घरांतून पुण्या-नाशिकच्या आई-बाबांसाठी सामानातून राउटर किंवा ॲक्सेस पॉइंट नेण्याची पद्धत आहे. नेण्याआधी अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना, ते पाहा. फक्त १२० असेल तर तो तिकडच्या २३० वर जळेल. काही कंपन्यांची अमेरिकेसाठीची मॉडेलं तिथल्याच वारंवारतेच्या नियमांना बांधलेली असतात आणि देश बदलता येत नाही, तेही पाहा. तिकडे लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होण्याच्या क्षणात राउटर पुन्हा सुरू होत असेल, तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. तो राउटरला आणि फायबरच्या पेटीला, दोन्हींना लावा. एकीलाच लावला तर दिवा राहील आणि इंटरनेट जाईल. अडॅप्टर जुना होऊन कमी पडू लागला की ५ गिगाहर्ट्‌झचं नाव अधूनमधून गायब होतं किंवा यंत्र आपोआप उठतं-बसतं. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनची धन-ऋण बाजू जुळायला हवी. आई-बाबांनी वैतागून मागचं रिसेटचं भोक टाचणीने दाबलं असेल तर यंत्र कारखान्यातल्या पासवर्डवर गेलेलं असतं. नेट सुरू झालं की फोन ठेवू नका. व्यवस्थापनाचा पासवर्ड, वाय-फायचा पासवर्ड आणि डब्ल्यूपीएस बंद करणं, ही तीन कामं त्याच वेळी उरकून घ्या.

आज पुण्या-मुंबईतल्या कित्येक सोसायट्यांच्या लॉबीत, जिमखान्यात, कॅमेऱ्यांच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट लागले आहेत. लावणारा ठेकेदार पैसे घेऊन गेला, त्याला पाच वर्षं झाली, आणि त्या पेटीत आत शिरण्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. तुम्ही अशा सोसायटीत राहत असाल तर पुढच्या सभेत हा विषय घ्या. यंत्राचं सॉफ्टवेअर शेवटचं कधी बदललं, पासवर्ड कुणाकडे आहे, कॅमेरे आणि पाहुणे एकाच जाळ्यावर आहेत का, आणि केबल तांब्याची आहे का, एवढं विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.